सुपडू मिस्तरीचं नाक

धुळ्याच्या देवपुरात मूर्ती नसलेलं एकच देवस्थान होतं, ते म्हणजे सुपडू मिस्तरीचं नाक.

पांझरेचा पूल ओलांडून आमच्या बाजूला उतरलं की दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्याची पत्र्याची शेड आहे. बाहेर दोन लाकडी बाकं, एक कडुनिंब, शेजारी प्रेमराजचं भंगाराचं दुकान. त्या शेडमध्ये सुपडू तीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतो. मी समोर राहतो. पस्तीस वर्षं नाटक कंपन्यांबरोबर खानदेश-वऱ्हाड पालथा घातला आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरी बसलो. घरी बसलो म्हणजे सकाळी आठ ते बारा सुपडूच्या बाकावर बसलो. माणसं बघायची सवय सुटत नाही, आणि तिथे तिकीट नव्हतं.

प्रयोग रोज व्हायचा. गाडी आली की सुपडू बॉनेट उघडायचा, पण हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकायचा, डोळे मिटायचा आणि लांब श्वास ओढायचा. बघे आपापला श्वास रोखून धरायचे. मग तो सरळ व्हायचा आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. "क्लच जळना." "उंदीरनी वायर कुरतडी." "तेल गळी ऱ्हायनं, खालतून." निकाल ऐकून लोक असे तृप्त व्हायचे की गाडी दुरुस्त व्हायची अजून बाकी आहे हे विसरून जायचे. आमच्या गल्लीतले एक डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय तापाची गोळी लिहून देत नाहीत. गाडीचं मात्र त्यांना वासावर चालायचं.

नाक खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. एकदा बाकावर बसल्या बसल्या, मागून गेलेल्या रिक्षाकडे मान न वळवता तो म्हणाला होता, "याना कूलंट इंजनमां जाई ऱ्हायनं." तिसऱ्या दिवशी ती रिक्षा दोरीला बांधून आली. ईश्वरी देणगी म्हणतात ती हीच, असं मी त्या वेळी चारचौघांत म्हणालो होतो. नटाला देणगीचं फार असतं. मेहनतीचं नाव काढलं की तो पाणी प्यायला उठतो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सुपडू अकरा दिवस दवाखान्यात होता. माणूस घरी आला, वास काही त्याच्याबरोबर आला नाही. ही गोष्ट त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, यशोदाबाईच्या, पलीकडे कोणालाही माहीत नव्हती.

मला कळली ती एका मेलेल्या घुशीमुळे. बाकाखालच्या बिळात ती मरून दोन दिवस झाले होते. प्रेमराजनं उपरण्यानं तोंड बांधलं होतं, मी गुडघे विसरून रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो होतो, आणि सुपडू त्याच बाकावर मांडी घालून कळण्याची भाकर आणि ठेचा खात होता. मन लावून खात होता.

"सुपडू," मी म्हणालो, "घूस कधी मेली रे?"

"कोनती घूस, नाना?"

"जिच्या डोक्यावर बसून तू जेवतोयस ती."

त्यानं भाकर खाली ठेवली. चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि दार लावून घेऊन बोलला. "कोणले सांगू नका, नाना. लोके सुपडूकडे येत नहीत. नाककडे येतस."

मी शब्द दिला. दिल्यावर मात्र बारकाईनं बघायला लागलो, आणि काय सांगू, एवढी तालीम झालेली कंपनी मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. गाडी आली की चौथ्या मिनिटाला यशोदाबाई मागच्या घरातून चहा घेऊन निघायची. कप ठेवण्याच्या निमित्तानं गाडीला एक वळसा घालायची. मग नवऱ्याकडे न बघता काहीतरी घरगुती बोलायची. "साखर सरनी" म्हणजे वास पुढे, इंजिनापाशी. "दूध नासनं" म्हणजे मागे, टाकीकडे. "गॅस संपना" म्हणजे वायर जळते आहे. काहीच बोलली नाही तर गाडी कोरडी. सुपडू तोवर डोळे मिटून वाकलेलाच असायचा. चांगला प्रॉम्प्टर तो, ज्याचं वाक्य प्रेक्षकाला ऐकू जात नाही आणि नटाला ते आपल्यालाच सुचल्यासारखं वाटतं. यशोदाबाई आमच्या कंपनीत असती तर माझी निदान दोन नाटकं तरी पडली नसती.

पण खरी गंमत पुढेच आहे. नाक गेलं आणि सुपडू चांगला मिस्तरी झाला.

पूर्वी नाक सांगायचं आणि हात करायचे, मधल्या डोक्याला काम नसायचं. आता त्याला शोधावं लागायचं. त्यानं गाडीचे कोड वाचायचं यंत्र आणलं, मीटर आणला, मोबाइलवर तासन्तास गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला. ऐकलेलं सगळं शाळेच्या वहीत उतरवून ठेवायचा. "जेवण करी येस" म्हणून दुपारी शटर ओढायचा आणि आत दीड तास एकेक नळी, एकेक तार तपासायचा. दोष सापडला की शटर वर करायचा, लोकांसमोर वाकून अर्धं मिनिट श्वास ओढायचा आणि सांगायचा. दीड तास तपासतो म्हणाला असता तर लोक म्हणाले असते, याला काही येत नाही. अर्ध्या मिनिटात हुंगून सांगितलं की म्हणायचे, वा! तपासणी पडद्यामागे आणि श्वास पडद्यापुढे, अशी त्याची चार वर्षं गेली.

नव्या गाड्यांनी तर त्याला आणखीनच वहीकडे ढकललं. त्यानं मला एकदा समजावून सांगितलं होतं, त्यातलं मला कळलं तेवढं असं. पेट्रोलची वाफ होते, आणि मे महिन्यातल्या धुळ्यात तर पेट्रोल नुसतं बघितलं तरी त्याची वाफ होते. ती वाफ हवेत सोडायची नाही असा आता नियम आहे. म्हणून टाकीतून एक नळी निघते आणि कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या एका डब्यात जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की मधला एक वॉल्व उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. या वाटेवर कुठे गडबड झाली की समोर पिवळा दिवा लागतो. "म्हंजे गाडीले वास येवालेच नको, नाना," सुपडू म्हणाला. "वास बंद करानीच यवस्था शे ही." ज्या गाडीनं वासच बंद करून टाकला, तिचा दोष हुंगून काय सांगणार? पण हे लोकांना कोण सांगणार?

यंदाच्या मे महिन्यात यशोदाबाई भावाच्या वास्तुशांतीला शिरपूरला गेली. दोन दिवस शेड बंद ठेवायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण रतिलालशेठ बंद शटरला मानत नाहीत. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी सकाळी नऊला पांढरी गाडी थेट कडुनिंबाखाली आणली आणि हॉर्नवर हात ठेवला. शेजारी पत्नी कोकिळाबाई, मागे सून मेघा आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. मेघाला माहेरी जळगावला सोडायचं होतं. तिथे आमरसाची पातेली भरून माणसं वाट बघत होती.

"मिस्तरी, दोनच मिनिटं," शेठ म्हणाले. "चार दिवस झाले, पिवळा दिवा जात नाही. काही करू नका, फक्त नाक लावा."

"शेठ, परवा आना ना. घरनी शिरपूरले गयी शे."

"गाडी तुम्ही बघता की वहिनी बघतात?"

बघे हसले. दहा-बारा जण जमलेच होते, त्यांत गल्लीतले डॉक्टरही. हॉर्न वाजला की आमच्या गल्लीत माणसं उगवतात.

"मंग दोन तास ठी जा," सुपडू म्हणाला. "शांतपनी देखस."

"दोन तास? तुम्हाला? काय मिस्तरी, आमची थट्टा करता!"

मी बाकावर होतो, गाडीपासून दहा हातांवर. मागचं दार उघडं होतं आणि पेट्रोलचा असा भपकारा येत होता की डोळे चुरचुरत होते. प्रेमराज उपरणं नाकावर धरूनच उभा होता.

सुपडूनं बॉनेट उघडलं. हात मागे बांधले, वाकला, डोळे मिटले. मग मागे गेला, तिथेही वाकला. आणि तसाच थांबला. फार वेळ थांबला. बघ्यांना वाटलं, आज नाक खोल गेलं. मला मात्र ती शांतता ओळखीची होती. विंगेतून वाक्य येत नाही तेव्हा रंगमंचावर अशीच शांतता पडते, आणि नटाच्या पाठीवरून घाम असाच ओघळतो.

सुपडू सरळ झाला. "काही नही," म्हणाला. "कोरडी शे."

आणि आता जे झालं ते नीट ऐका. प्रेमराजनं नाकावरचं उपरणं खाली घेतलं, एक श्वास घेतला आणि म्हणाला, "बराबर. माले बी नही उना." डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात असे भास होतात. आणखी दोघांनी आपल्यालाही वास येत नसल्याचं न विचारता सांगितलं. दहा-बारा धडधाकट नाकं एका मेलेल्या नाकापुढे नतमस्तक झाली. यात माझंही होतं. मीही मान डोलावली. सुपडूला सांभाळून घेतोय असं मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर अर्ध्या क्षणापुरतं मलाही वाटलं, कदाचित नसेलच वास.

"पप्पा, मला येतोय वास," मागच्या सीटवरून मेघा म्हणाली. "इथे तर डोकं धरतंय."

"अगं, एवढ्या मिस्तरीला आला नाही आणि तुला आला?" कोकिळाबाई म्हणाल्या. "लेकुरवाळीला कसलेही वास येतात. पदर घे तोंडावर."

"मी घेईन पदर. बाळ काय घेईल?"

"झालं ना आता," शेठ म्हणाले. "मिस्तरींनी पास केली. चला."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन घरघर घरघर करत राहिलं, लागेना. दुसऱ्यांदा फिरवली, लागेना. तिसऱ्यांदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून फिरवली तेव्हा मागून काळा धूर टाकत कसंबसं सुरू झालं. सुपडूचा चेहरा बदलला. नाक गेलं असलं तरी त्याचे कान जागेवर होते.

"शेठ, पेट्रोल कव्हय भरं?"

"आत्ताच. येताना. फुल केली."

सुपडूनं माझ्याकडे बघितलं. वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो ती नजर मी ओळखतो. मी ती नजर किती जणांवर टाकली आहे आणि किती जणांनी मला वाचवलं आहे! त्याला गाडीचं कळलं होतं. फक्त खात्री हवी होती, आणि ती त्याच्याजवळ नव्हती. नाक गेल्याची कबुली दिली तर तीस वर्षांचं नाव त्या कडुनिंबाखालीच राहणार होतं. नाही दिली तर ती पोरगी बाळ घेऊन त्या भपकाऱ्यात नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जाणार होती, तेही चव्वेचाळीस डिग्रीत.

मी खिशातून रुमाल काढला आणि सावकाश नाकावर धरला.

सुपडू गाडीपुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले. "बंद करा," म्हणाला. "उतरा बठ्ठा."

"आता काय झालं?"

"गाडीले पेट्रोलना वास शे."

"आत्ता तुम्हीच म्हणालात नाही म्हणून!"

"माले वास येत नही, शेठ. कोरोना व्हयना तवपाशी येत नही. चार वरीस व्हयनात. मी नुसतं नाक हालाडस."

इंजिन बंद झालं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळे सुटले.

"मंग मना टेम्पोना क्लच?" प्रेमराजनं विचारलं. "तो त वास लिसन सांगा होता तू!"

"तो यशोदानी सांगा."

"आणि माझी वायर?" डॉक्टर म्हणाले.

"ती मी शोधी. शटर ओढीसन, मीटर लायीसन. दीड तास लागना."

"मग लोकांसमोर हुंगायचं कशाला?"

"तुमले आवडस म्हनीसन," सुपडू म्हणाला.

यावर कोणी हसलं नाही. पण एक चमत्कार झाला. मिस्तरीचं नाक मेलेलं आहे असं कळताच बाकीची नाकं जिवंत झाली. "अरे, केवढा वास!" "डोळे झोंबतात राव!" "मी मघाच म्हणणार होतो." प्रेमराजनं उपरणं पुन्हा वर चढवलं.

मेघा बाळाला घेऊन उतरली आणि बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. रतिलालशेठ लाल झाले होते. "चार वर्षं लोकांना फसवलंत! आणि आता गाडी अडवता?"

"पप्पा, आधी त्यांना बघू द्या."

"नाक नसलेला माणूस काय बघणार?"

"इतकी नाकं होती इथे," मेघा म्हणाली, "त्यांनी काय बघितलं?"

मी रुमालाची घडी घालू लागलो. डॉक्टरांना एकाएकी दवाखान्याची वेळ आठवली.

सुपडूनं शटर वर केलं. चार वर्षांत पहिल्यांदा तपासणी उजेडात होणार होती. आधी त्यानं टाकीचं झाकण हळूहळू फिरवलं. पिस्स असा लांब आवाज आला. झाकणाचं रबर बोटानं चाचपून तो म्हणाला, "याना दोष नही. हवा मधमां कोंडायेल शे, म्हंजे वाट पुढं बंद शे." मग इंजिनापाशी गेला. त्या मधल्या वॉल्वची तार काढून इंजिन सुरू केलं, नळी सोडवून वॉल्वच्या तोंडावर बोट ठेवलं. "तार काढी टाकी. आते बंद पाहिजे हाऊ. तरी ओढी ऱ्हायना." इंजिन बंद करून त्यानं वॉल्व काढला आणि तळहातावर आपटला. बारीक काळे कण पडले. त्यानं ते मेघाला दाखवले. "कोळसा. याना आठे काय काम?"

शेवटी गाडी जॅकवर घेऊन तो मागच्या चाकाजवळ आत सरकला आणि तो कोळशाचा डबा सोडवून घेऊन आला. डब्याचा खालचा भाग ओला होता. मांडणीवरून त्याच जातीचा एक कोरडा डबा काढला आणि दोन्ही डबे प्रेमराजच्या भंगाराच्या काट्यावर नेले. कोरडा भरला नऊशे ग्रॅम. शेठच्या गाडीतला एक किलो सहाशे.

रतिलालशेठ देवाला मानतात, सरकारला मानतात, पण दोघांच्या वर काट्याला मानतात. भांडी तोलण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी पुढे होऊन काट्याचं पारडं स्वतः पुसलं, शून्य आलं की नाही बघितलं आणि दोन्ही डबे पुन्हा तोलले. मग तिसऱ्यांदा तोलले. सुपडूनं ओला डबा पत्र्याच्या थाळीवर कलता केला तेव्हा त्यातून पेट्रोलची धार लागली.

"यामां नुसती वाफ जावाले पाहिजे," सुपडू म्हणाला. "पेट्रोल कसं गयं? शेठ, टाकी कशी भरतस तुम्हीन?"

"सगळे भरतात तशी."

"बठ्ठा?" प्रेमराज म्हणाला. "शेठ, तुम्हीन भरतस तशी त कोणी पंगत बी वाढत नही."

इथे शेठच्या आग्रहाबद्दल सांगायला हवं. धुळ्यात त्यांच्या घरी जेवायला जाण्याआधी माणसं आदल्या दिवशी उपास करतात. खापरावरची पुरणपोळी आणि रस. नको म्हणून पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात धरले की शेठ हातांवर रस ओततात. परतलेल्या पाहुण्यापेक्षा आडवा झालेला पाहुणा त्यांना जास्त प्रिय. पेट्रोल पंपावरही तेच. नळी टक् करून आपोआप बंद पडली की शेठ म्हणणार, "अजून टाक." पोरगं म्हणणार, बस झालं. शेठ खाली उतरून गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवणार, म्हणजे पेट्रोल बसतं आणि आणखी जागा होते. पुन्हा टक्. पुन्हा "टाक रे, काय कंजूषपणा करतो." झाकणापर्यंत पेट्रोल दिसलं की मगच त्यांचा जीव थंड होतो. टाकीला हात असते तर तिनं ते तोंडावर धरले असते, आणि शेठनी हातांवर ओतलं असतं.

"टक् वाजनं म्हंजे पोट भरनं," सुपडूनं सांगितलं. "वरनी जागा वाफनी शे. तठे पेट्रोल कोंबं का ते वाफना नळीमां जास, आनि कोळसाना डबामां उतरस. कोळसा भिजना, फुटना, त्याना चुरा वॉल्वमां ग्या. वॉल्व उघडाच ऱ्हायना. म्हनीसन पेट्रोल भरं का गाडी लवकर लागत नही. म्हनीसन दिवा. आनि डबामातलं पेट्रोल मांगली सीटखाले गळस, ते या पोरीले वास येस."

एका दमात चार दिवसांची सगळी कथा त्यानं जोडून दिली. हुंगण्याच्या काळात इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"म्हणजे जास्त घातलं म्हणून बिघडली?" शेठनी विचारलं. त्यांना हे पटत नव्हतं असं नाही. असं काही जगात होऊ शकतं, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

"आमच्या घरात जास्त वाढल्यानं आजवर कोणाचं काही बिघडलं नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. मेघा कडुनिंबाकडे बघत राहिली.

आता गंमत बघा, मघाशी सुपडूला हसणारे तेच लोक शेठना हसू लागले. माणसं दोन मिनिटांत बाजू बदलतात. नाटकवाल्यानं प्रेक्षकाचा राग धरायचा नसतो, पण त्या दिवशी मला तो आला. कारण त्या प्रेक्षकात मी पहिल्या रांगेत होतो.

मेघा आणि कोकिळाबाई बाळाला घेऊन एसटीनं जळगावला गेल्या. सुपडूनं कोरडा डबा बसवला, वॉल्व बदलला, सगळ्या नळ्यांत हवा मारून कोळशाचा कणन् कण काढला, यंत्र लावून दिवा घालवला. चार वाजले. शेठ तोवर बाकावर तोंड फिरवून बसले होते. गाडी पहिल्याच चावीला लागली. जाताना ते एवढंच म्हणाले, "मला हे लोकांना सांगावं लागेल, मिस्तरी."

"सांगा," सुपडू म्हणाला.

त्यांनी सांगितलं. घासाघासाला आग्रह करत सांगितलं. त्यात कोळशाचा डबा मात्र कुठे आला नाही.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई शिरपूरहून आली तेव्हा बसस्टँडवरच तिला सगळं कळलं होतं. पिशवी खाली न ठेवताच ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "दोन दिन घर काय सोडं, तुम्हीन बठ्ठं सांगी टाकं?"

"पोरना जीवना सवाल व्हता, यशोदा."

तिनं पिशवी खाली टाकली. पदर तोंडाला लावून पायरीवर बसली. मला वाटलं रडते आहे. जवळ गेलो तर हसत होती. "सुटनू माय," म्हणाली, "चार वरीस मी दूध नासाडी ऱ्हायनू!"

पण हसून शेड भरत नाही. जूनभर बाकांवर आम्ही दोघंच असायचो. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायची, जणू सुपडूनं त्यांच्या घरात चोरी केली होती. मोठ्या पुलाकडे म्हणे आता एक मिस्तरी निघाला आहे. तो स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो. डॉक्टर तिकडे जातात. सुपडू पाने पुसायचा, पुसलेले पुन्हा पुसायचा. "नाना, चूक व्हयनी का मनी?" एकदा त्यानं विचारलं. मी चिंधी घेतली आणि त्याच्याबरोबर पाने पुसायला लागलो.

जुलैच्या सुरुवातीला एक निळी जुनी गाडी कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. चालवत होती मेघा. गाडी तिच्या वडिलांची, जळगावची. तिथल्या दोघा मिस्तरींनी दोन वेगवेगळे भाग बदलले होते आणि पिवळा दिवा तसाच होता.

"वास वगैरे काही येत नाही, मिस्तरी," ती म्हणाली. "फक्त दिवा लागतो."

"माले त कसानाच येत नही."

"माहीत आहे. म्हणून तर इतक्या लांब आणली." ती खाली उतरली. "किती वेळ लागेल?"

सुपडूनं गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नही सांगता येवाव. टाकीपाईन इंजनपावत एकेक नळी देखनी पडी. सांज बी व्हई."

"होऊ द्या. मी बसते."

गाडी आलेली बघून प्रेमराज आणि आणखी तिघं-चौघं सवयीनं येऊन उभे राहिले. सुपडू वाकला नाही, डोळेही मिटले नाहीत. त्यानं पेट्रोलचं झाकण काढलं, चिंधीनं पुसलं, चष्मा लावला आणि झाकणाचं रबर उजेडात धरून तसूतसूनं फिरवत बघत राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. प्रेमराजनं जांभई दिली आणि तो दुकानात गेला, त्याच्यामागून बाकीचेही पांगले.

मग सुपडूनं मेघाला जवळ बोलावलं. रबराच्या आतल्या कडेला केसाएवढी चीर होती, दाबल्याशिवाय न दिसणारी. त्यानं ती नखानं उकलून दाखवली. मेघानं स्वतः बोट फिरवून बघितली.

"हीच का?"

"हाई एक शे," सुपडू म्हणाला. "आते बाकीनं देखू."